कोणता डॉलर, कोणते घड्याळ?

आपल्या व्यापारी कुटुंबांतील परदेशप्रवासाची रीत अलीकडे पालटली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे आई-वडील जातात, मागोमाग भाऊ-भावजय आणि नातवंडे पोहोचतात, आणि मग सारा परिवार फ्लोरिडातील मायामी किंवा फोर्ट लॉडरडेल येथून जहाजात बसून कॅरिबियन समुद्रातील बेटे पाहून येतो. निवास, भोजन आणि करमणूक यांचे पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळे खर्चाचा हिशेब तिकिटाबरोबरच संपला, अशी समजूत होते. वस्तुतः ज्या खर्चावर प्रवाशाचे स्वतःचे नियंत्रण असते, आणि ज्यात चूक महाग पडते, तो खर्च जहाज धक्क्याला लागल्यावर सुरू होतो.

बँकेत विदेश विनिमयाच्या टेबलावर काम करीत असताना परदेशी जाणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "साहेब, डॉलर किती नेऊ?" कॅरिबियनला जाणाऱ्याने त्याआधी निराळे दोन प्रश्न विचारावेत. मी ज्या बेटावर उतरणार, तेथे डॉलर म्हणजे कोणता डॉलर? आणि माझ्या हातातील घड्याळ कोणाची वेळ दाखवीत आहे? पहिल्याचे उत्तर ठाऊक नसेल तर पैसा जातो; दुसऱ्याचे ठाऊक नसेल तर जहाज जाते.

एक नाव, अनेक चलने

कॅरिबियन हा एक देश नव्हे. इंग्रज, फ्रेंच, डच, स्पॅनिश आणि पुढे अमेरिकी सत्तांच्या ताब्यात राहिलेली ही बेटे. त्यांतील काही आज स्वतंत्र आहेत, काही अद्याप त्या सत्तांशी जोडलेली आहेत. त्यामुळे आठवड्याच्या सफरीत चार बंदरे लागली, तर चार चलनेही लागू शकतात. त्यांचे चार गट केले की ती ध्यानात राहतात.

पहिला गट अमेरिकी डॉलर हेच अधिकृत चलन असलेल्या बेटांचा. पोर्तो रिको, सेंट थॉमस आणि त्याच्या शेजारची अमेरिकी व्हर्जिन बेटे, ब्रिटिश व्हर्जिन बेटे, टर्क्स आणि कैकोस, तसेच २०११ पासून बोनेर ही त्यांत येतात. येथे विनिमयाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा गट स्वतःचे चलन असलेल्या, परंतु ते अमेरिकी डॉलरशी ठरावीक दराने बांधून ठेवलेल्या बेटांचा आहे. सेंट लुसिया, अँटिग्वा, सेंट किट्स, डोमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट यांचे मिळून एकच चलन आहे, ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. त्याची मध्यवर्ती बँक सेंट किट्समधील बासेटेर येथे असून १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० हा दर कायम आहे. बार्बाडोस आणि बेलीझ यांचे स्वतंत्र डॉलर एका अमेरिकी डॉलरला दोन मिळतात. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा आहे. केमन बेटांचा डॉलर मात्र अमेरिकी डॉलरहून महाग: एका केमन डॉलरला १.२० अमेरिकी डॉलर मोजावे लागतात. डच परंपरेतील अरुबाचा फ्लोरिन एका अमेरिकी डॉलरला सुमारे १.७९ पडतो. क्युरासाव आणि सिंट मार्टेन येथे ३१ मार्च २०२५ पासून जुन्या गिल्डरच्या जागी कॅरिबियन गिल्डर आला; त्याचाही दर १.७९ हाच आहे.

तिसरा गट युरोचा: मार्टिनिक, ग्वादलूप आणि सेंट मार्टिनचा फ्रेंच भाग. चौथा गट तरत्या दराच्या चलनांचा: जमैकाचा डॉलर, मेक्सिकोचा पेसो, डोमिनिकन प्रजासत्ताकाचा पेसो. यांचा भाव रोज हलतो. जमैकात एका अमेरिकी डॉलरला दीडशेहून अधिक जमैकन डॉलर मिळतात, त्यामुळे तेथील फलकांवर हजारांतील आकडे पाहून घाबरू नये.

आता व्यवहाराची अडचण पाहा. सेंट लुसियात, बार्बाडोसमध्ये, बहामात आणि ग्रँड केमनवर चार निरनिराळे विक्रेते एकच शब्द उच्चारतात, "शंभर डॉलर". स्थानिक चलन गृहीत धरले, तर पहिल्या ठिकाणी त्याचे मोल ३७ अमेरिकी डॉलर, दुसऱ्या ठिकाणी ५०, तिसऱ्या ठिकाणी १०० आणि चौथ्या ठिकाणी १२० होते. विक्रेता लबाडी करीत असतो असे नाही. तो आपल्या देशाच्या चलनात बोलतो, पाहुणा आपल्या खिशातील चलनात ऐकतो. उलट प्रकारही घडतो: पर्यटकांच्या बाजारात भाव अमेरिकी डॉलरमध्येच सांगितलेला असतो आणि पाहुणा तो स्थानिक समजून "फारच स्वस्त" म्हणतो. घासाघीस पुढे करावी. आधी चलनाचे नाव वदवून घ्यावे.

भाव ठरवितानाचे तीन प्रश्न

धक्क्याबाहेर पडताच टॅक्सीवाले भेटतात. अनेक बेटांवर टॅक्सीला मीटर नसतो. गंतव्यस्थानानुसार ठरवून दिलेले भाडे असते आणि त्याचा तक्ता बहुधा टॅक्सीतळावर लावलेला असतो. बसण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. भाडे कोणत्या डॉलरमध्ये? संपूर्ण गाडीचे की दरडोई? एकेरी की जाऊन-येऊन, आणि परतीसाठी थांबण्यासह?

यांपैकी दुसरा प्रश्न आपल्या मोठ्या कुटुंबांसाठी फार महत्त्वाचा आहे. सेंट थॉमससारख्या बेटावर भाडे माणशी आकारण्याची पद्धत आहे आणि एकाच गाडीत निरनिराळे प्रवासी बसवितात. दहा डॉलर हे गाडीचे भाडे समजून आठ माणसे बसली, तर उतरताना ऐंशी डॉलर मागितले जातील, आणि ते नियमाला धरून असेल. तोच समूह मोठा असेल तर अर्ध्या दिवसासाठी संपूर्ण गाडी ठरविणे बहुधा किफायतशीर पडते. ठरलेला आकडा चालकाकडूनच कागदावर लिहून घ्यावा. त्यात अविश्वास नाही, ती व्यवहाराची शिस्त आहे. पैसे परतल्यावर द्यावेत.

रोख, कार्ड आणि जहाजाचे खाते

बहुतेक क्रूझ-बंदरांवर अमेरिकी डॉलर स्वीकारतात, म्हणून प्रत्येक बेटाचे चलन भारतातून शोधत बसण्याचे कारण नाही. मात्र सुटे पैसे बहुधा स्थानिक चलनात परत मिळतात, आणि दुकानदार दर धरतो तो आपल्या सोयीचा. ईस्टर्न कॅरिबियन डॉलरचा बँकदर २.७० असताना दुकानात २.६० धरला जाऊ शकतो. केमनमध्ये एका अमेरिकी डॉलरला ०.८० केमन डॉलर धरण्याची दुकानांची रीत आहे. बँकेच्या दराने ते सुमारे ०.८३ होतात. हा वटाव लहान खरेदीत नगण्य आहे, पण शंभराची नोट देऊन पाच डॉलरचे शहाळे घेतले, तर उरलेली सारी रक्कम त्याच दराने आणि त्या बेटाबाहेर फारशा न चालणाऱ्या नोटांत हाती येते. भारतात परतल्यावर या नोटा बदलून घेणे जवळपास अशक्यच.

म्हणून भारतात परकीय चलन घेताना एक, पाच, दहा आणि वीस डॉलरच्या नोटा आग्रहाने मागाव्यात. फाटलेल्या, शाईचे शिक्के किंवा लिखाण असलेल्या नोटा घेऊ नयेत. तिकडे त्या नाकारल्या जातात. मोठी नोट मोडायची असेल तर ती जहाजाच्या स्वागतकक्षात आधीच मोडून घ्यावी. चुकून स्थानिक नाणी जमलीच, तर ती त्याच दिवशी पाणी, टपाल-तिकीट वा बक्षिसी यांत खर्चून टाकावीत.

कार्डाविषयी चार गोष्टी. भारतीय कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय ग्राहकाने स्वतः चालू करावी लागते. ती निघण्यापूर्वी घरीच चालू करून मर्यादा ठरवावी. दुसरे, यंत्रावर "रक्कम रुपयांत आकारू का?" असा पर्याय दिसला तर तो नाकारावा. ही सोय वाटते, पण तो रूपांतराचा दर विक्रेत्याच्या बाजूने ठरलेला असतो आणि बहुधा महाग पडतो. तिसरे, पावतीवर सही करण्यापूर्वी आकड्याशेजारचे चलनाचे चिन्ह वाचावे. २७० ईस्टर्न कॅरिबियन डॉलर म्हणजे १०० अमेरिकी डॉलर. तोच २७० चा आकडा अमेरिकी डॉलर म्हणून चढला, तर जवळजवळ तिप्पट रक्कम गेली. चौथे, अमेरिकी डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड युरोच्या किंवा पेसोच्या यंत्रात वापरले की एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचे शुल्क लागते. ते किती, हे कार्ड घेतानाच विचारावे.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो, त्यात कर्मचाऱ्यांची दैनिक बक्षिसीही बहुधा आपोआप मिळविली जाते, आणि अखेरीस अमेरिकी डॉलरमध्ये एकत्र वसुली होते. या खात्याला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नये. जहाज कंपनी अपेक्षित खर्चापोटी काही रक्कम रोखून धरते. क्रेडिट कार्डात त्यामुळे फक्त मर्यादा घटते, डेबिट किंवा फॉरेक्स कार्डात मात्र आपलेच पैसे काही दिवस अडकतात आणि बेटावर कार्ड नाकारले जाऊ शकते. खात्याचा उतारा रोज पाहावा. शेवटच्या सकाळी स्वागतकक्षापुढे लांब रांग असते.

भारतीय नियमांचे भानही ठेवावे. एका प्रवासासाठी परकीय चलनाच्या नोटा ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच घेता येतात. उरलेली रक्कम कार्डावर घ्यावी लागते. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्याहून अधिक असल्यास १८० दिवसांत बँकेत वा अधिकृत विनिमयकाराकडे जमा कराव्यात. सहलीच्या रकमेवर कापला जाणारा टीसीएस हा खर्च नसून आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. विवरणपत्रात त्याची वजावट घ्यावी.

घड्याळाचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. जहाजाची स्वतःची वेळ असते आणि ती बेटाच्या वेळेशी जुळेलच असे नाही. मेक्सिकोतील कोसुमेल, जमैका आणि ग्रँड केमन येथे उन्हाळी वेळ पाळत नाहीत, फ्लोरिडात पाळतात. मार्चपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत मायामीचे घड्याळ या बेटांच्या एक तास पुढे असते. जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली आणि साडेचारपर्यंत परत येण्याची सूचना दिली, तर त्या क्षणी कोसुमेलच्या घड्याळात साडेतीनच वाजलेले असतात. मोबाइल स्थानिक जाळे पकडून आपोआप वेळ बदलतो. प्रवासी मोबाइल पाहून निर्धास्त राहतो, आणि चारला बाजारातून निघतो, तेव्हा जहाजावर पाच वाजून दोर सुटलेले असतात. पूर्वेकडील बेटांवर हिवाळ्यात उलट घडते: बेट एक तास पुढे असते, आणि खासगी सहलवाल्याने सांगितलेली नऊची वेळ जहाजाच्या घड्याळात आठची असते. म्हणून मोबाइलमधील आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करावी, एखादे साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावे आणि उतरताना दाराशी लिहिलेली परतीची वेळ वाचूनच पुढे व्हावे.

उशीर झाला तर काय, याचे उत्तर मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ क्रूझ-प्रवासी वेळेत परतले नाहीत. जहाज समोर नांगरलेले असतानाही त्यांना चढू दिले गेले नाही. अनेक देश ओलांडून त्यांना अखेर सेनेगलमधील डाकार येथे जहाज गाठावे लागले. भारतीय पारपत्रधारकासाठी हा प्रसंग अधिक कठीण ठरतो. जहाजाचा दिवसभराचा पाहुणा म्हणून जेथे सहज उतरता येते, तेथे विमानाने पोहोचताना स्वतंत्र व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा तर फ्लोरिडाहून निघून तेथेच परतण्यासाठी हवाच. प्रत्येक बंदराच्या व्हिसाच्या अटी आरक्षणापूर्वी जहाज कंपनीकडून लेखी मागवून घ्याव्यात. पारपत्र जहाजातील तिजोरीत ठेवले, तरी त्याची छायाप्रत, व्हिसाची प्रत आणि दैनिक पत्रकात छापलेला बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी जवळ असावा.

सहल कोणाकडून घ्यावी

बंदरातील दिवस मागून पुढे मोजावा. जहाज आठला लागते आणि पाचला सुटते, हे नऊ तास कागदावरचे. साडेचारला आत हवे, म्हणून आपली परतीची मर्यादा तीन. उतरण्याची परवानगी आणि रांग यांत नऊ वाजतात. हाती उरतात सहा तास. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. लहान बोटींतून किनारा गाठावा लागतो, तेथे दोन्ही बाजूंचा आणखी अर्धा-पाऊण तास वजा करावा.

या सहा तासांत काय बसते ते पाहावे. सेंट लुसियाचे दोन पिटॉन शिखर, ज्यांना २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, सूफ्रिएर गावाजवळ आहेत. कॅस्ट्रीज बंदरापासून तेथे जाण्यास वळणावळणाच्या डोंगरी रस्त्याने सुमारे दीड तास लागतो. जाऊन-येऊन तीन तास प्रवासात गेले. गाडी लागणाऱ्या वडीलधाऱ्यांसह हे नको. त्यांच्यासाठी उत्तरेकडील पिजन आयलंड जवळ आहे. सेंट किट्सवरील ब्रिमस्टोन हिलचा किल्ला अर्ध्या दिवसात आरामात होतो. ब्रिजटाउन, बासेटेर किंवा ग्रेनाडाचे सेंट जॉर्जेस ही गावे धक्क्याजवळच असल्यामुळे तेथे सहल विकत न घेताही दिवस चांगला जातो.

जहाज कंपनीकडून घेतलेली सहल महाग असते, पण त्या सहलीची गाडी उशिरा आली तर जहाज थांबते किंवा पुढील बंदरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कंपनी घेते. वादळामुळे बंदरच रद्द झाले, तर त्या सहलीचे पैसे परत मिळतात. जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच्या चक्रीवादळांच्या हंगामात ही शक्यता खरी असते. जो अधिक दर आपण देतो, तो एका अर्थी विम्याचा हप्ता आहे. माझा ठोकताळा साधा आहे: ठिकाण बंदरापासून तासाभराहून दूर, बोटीने जाण्याचे किंवा सोबत वृद्ध व लहान मुले असतील, तर सहल जहाजाकडून घ्यावी. ठिकाण अर्ध्या तासाच्या आत आणि टॅक्सी सहज मिळणारी असेल, तर हा हप्ता भरण्याची गरज नाही. खासगी सहल ठरविलीच, तर जहाज न लागल्यास पूर्ण परतावा मिळेल, ही अट लेखी घ्यावी.

खाणे आणि खरेदी

बेटांवरील शाकाहाराचा प्रश्न आपल्या घरांत आधी निघतो. तेथील जेवणात रताळे, कसावा, सुरणाच्या जातीचे कंद भरपूर असतात, तेव्हा "भाज्याच आहेत" या उत्तरावर समाधान मानू नये. वेलकेळी, पिकलेली केळी आणि कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात तो ब्रेडफ्रूट मात्र सर्वत्र मिळतो. १८४५ पासून त्रिनिदादला गेलेल्या भारतीय मजुरांनी रुजविलेली रोटी आणि चणे इतर बेटांवरही पोहोचले आहेत. त्यांत बटाटा, कांदा, लसूण असतोच. जमैकात रास्ताफारी पंथाचे लोक मांस टाळतात. त्यांच्या अन्नाला "आयटल" म्हणतात, तो शब्द विचारून पाहावा. जहाजावरील जेवणासाठी "शाकाहारी" एवढेच न लिहिता कांदा, लसूण आणि कंदमुळे नकोत, हे आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावे. किनाऱ्यावर बंद पाकिटातील कोरडा खाऊ न्यावा. फळे व बियाणे नेण्या-आणण्यास सामान्यतः मनाई असते.

दागिने पारखणे आपल्या वाचकांना शिकवावे लागत नाही, म्हणून तीनच सूचना. जहाजावर ज्या दुकानांची शिफारस होते, त्यांनी त्या यादीत येण्यासाठी सहसा पैसे मोजलेले असतात. "ड्यूटी-फ्री" याचा अर्थ त्या बेटाचा कर नाही एवढाच. भारतात उतरल्यावरची सीमाशुल्काची मर्यादा स्वतंत्र आहे, आणि तिच्यासाठी पावती जपावी लागते. काळ्या पोवळ्याचे वा कासवाच्या कवचाचे दागिने कोसुमेल-केमनकडे समोर आले, तरी घेऊ नयेत. जिवाची हानी तर आहेच, शिवाय भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

निघण्यापूर्वी प्रत्येक बंदरासाठी अर्ध्या पानाची एक चिठ्ठी तयार करावी आणि घरातील प्रत्येक प्रौढाच्या खिशात तिची प्रत द्यावी. बंदराचे नाव, चलन आणि दर; शंभर स्थानिक म्हणजे किती अमेरिकी; जहाजाच्या वेळेनुसार परतीची आपली मर्यादा; बेटाच्या घड्याळात ती किती; ठरविलेली सहल व तिचे भाडे, गाडीचे की माणशी; बंदरातील प्रतिनिधीचा क्रमांक. चुकामूक झाली तर ज्येष्ठांनी शोधत न फिरता थेट धक्क्यावर जाऊन थांबावे, ही शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी. सात दिवसांच्या सफरीसाठी या कामाला एक संध्याकाळ पुरते. दुकान उघडण्यापूर्वी कालचा रोजमेळ पाहण्याची ज्या घराला सवय आहे, त्या घराला ते जड जाणार नाही.